घरातले कपाट आणि सरकारचा परवाना

भाईंदर पूर्वेला आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने घर घेतले, तेव्हा मेजवानीचे बोलावणे आम्हांलाही आले. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात त्याने काचेचे कपाट करून घेतले होते. वरच्या फळीवर बाटल्या, खालच्या फळीवर पेले, शेजारी सोडा, लिंबाच्या फोडी आणि बर्फाचे स्टीलचे भांडे. ते भांडे आम्ही हातात घेऊन पाहिले. भाईंदरच्या गाळ्यांत अशी भांडी घासून चकचकीत करणाऱ्या कामगारांत आमची बरीच वर्षे गेली आहेत. यजमान कौतुकाने म्हणाला, "काका, घरात बार ही आपल्याकडे नवीनच गोष्ट!"

नवीन आहे ते कपाट. उत्तनपासून वसईपर्यंतच्या या किनाऱ्यावर पाहुण्याला घरात पेला भरून देण्याची रीत फार जुनी. ज्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यांच्या लग्नघरात खिमाड करतात : दारूत पाणी, साखर, लवंग, दालचिनी घालून चुलीवर गरम करायची आणि लहान पेल्यांतून वाटायची. भंडाऱ्यांचा तर ताडामाडावर चढणे हा पिढीजात धंदा. आणि आतल्या रानपट्टीत मोहाची फुले वेचून वाळवली जात. त्यांची दारू देवालाही लागे आणि सोयऱ्यालाही. म्हणजे पेय घरातले होते, कारण ते घरात किंवा घराच्या आसपास तयार होत होते.

हे घरातून बाहेर काढले ते इंग्रजाने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढायला परवाना लागू लागला, छेदलेल्या झाडामागे कर बसला, घरगुती गाळप गुन्हा ठरले. गाळण्याचा मक्ता मोठ्या भट्ट्यांकडे गेला. उरणची मोहाची दारू मुंबईला पुरू लागली. एवढ्याने भागेना, तेव्हा १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहाच्या फुलावर बंधन आले. फुलाला गुन्हेगार ठरवणारा कायदा! त्यात नीतीचा भाग कमी आणि तिजोरीचा अधिक, असे आमचे मत आहे.

नंतर आपले राज्य आले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने एप्रिल १९५० पासून सर्व राज्यात पूर्ण बंदी झाली. मोरारजी देसाईंच्या निष्ठेविषयी आम्हांला शंका नाही. पण कायद्याची कलमे वाचावीत. ज्याच्या प्रकृतीच्या रक्षणासाठी मद्य आवश्यक, त्याला ४०-अ खाली आरोग्य परवाना. आणि ४०-ब मध्ये कुटुंबप्रमुखाला घरातल्या माणसांसाठी, अडीअडचणीला औषध म्हणून, ब्रँडी, रम किंवा शँपेन ठेवण्याची सवलत. अचानक कोणत्या दुखण्यावर शँपेन देतात, हे आम्ही दोन डॉक्टरांना विचारले, दोघेही हसले. आमच्या यजमानाच्या कपाटाचा पूर्वज शोधायचा तर तो या कलमात सापडेल. बंदीच्या ऐन भरात काहींच्या घरचे कपाट असे कायद्याने उघडे राहिले. ताडाखालचे मडके मात्र फुटले. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला. मद्यार्क असलेली औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांपुरती बंधने रद्द केली.

दारूची तरफदारी आम्ही करीत नाही. पगाराच्या दिवशी गाळ्याच्या दाराशी नवऱ्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या हाती पाकीट पडावे म्हणून भांडलोही आहोत. आमचे म्हणणे वेगळे आहे. वसंतराव नाईकांच्या कारकीर्दीत बंदी सैल झाली, परवाने सहज मिळू लागले, पुढे देशी दारूची सरकारमान्य दुकानेही आली. पिणे परत मिळाले. करणे परत मिळाले नाही. ज्याच्याजवळ पैसा, तो दुकानातून आणतो आणि काचेआड मांडतो. ज्याच्याजवळ नाही, तो गल्लीतल्या पिशवीकडे वळतो. त्या पिशवीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ताडाच्या मडक्यात काय आहे हे त्याच्या आजोबाला ठाऊक होते. जून २०१५ मध्ये येथून जवळच, मालवणीत, मिथेनॉल मिसळलेली गावठी दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांतल्या कोणाच्या घरी कपाट असेल असे वाटत नाही.

निघताना आम्ही यजमानाला विचारले, परवाना आहे ना? त्याने अभिमानाने खण उघडून आजीव परवाना काढला. पण त्यावरचा मजकूर कधी वाचला नव्हता. दिव्याखाली धरून त्याने तो मोठ्याने वाचला : प्रकृतीचे रक्षण आणि जोपासना यांसाठी. पाहुण्यांत हशा पिकला. त्याची आई मात्र हसली नाही. ती उत्तनकडची. म्हणाली, "आमच्याकडे खिमाड करतात, त्याचीसुद्धा बाटली आता दुकानातूनच आणतात."