छप्पन्नच्या दुष्काळाचें देणें

इ. स. १८९९ सालीं वऱ्हाडांत पावसानें पाठ फिरविली. विक्रम संवत् १९५६ चें तें वर्ष. म्हणून 'छप्पन्नचा दुष्काळ' हें नांव त्यास पडलें. त्या वेळच्या बुलढाणा जिल्ह्यांत चिखली, मलकापूर व मेहकर हे तीनच तालुके होते. १८९१ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची वस्ती सुमारें ४ लक्ष ८१ हजार होती; १९०१ सालीं ती ४ लक्ष २४ हजारांवर आली. खानेसुमारीनें माणसें घटल्याचें दाखविलें. परंतु त्या वर्षीं गरोदर असलेल्या स्त्रियांच्या उपासाचा परिणाम पोटांतील जिवावर काय झाला, यासाठीं तींत रकाना नव्हता.

तो रकाना पुढें शास्त्रानें उघडला. मूत्रपिंडांत रक्त गाळणारीं अतिसूक्ष्म यंत्रें असतात. त्यांस नेफ्रॉन म्हणतात. एकेका मूत्रपिंडांत तीं सरासरीनें दहा लक्षांच्या आसपास असतात. तथापि कोणाच्या वाट्यास याहून फारच थोडीं येतात, तर कोणाच्या दुप्पट. गर्भाच्या सुमारें ३६ व्या आठवड्यापर्यंत त्यांची घडण पुरी होते. नंतर एकहि नवें बनत नाहीं. आईस अन्न अपुरें पडून मूल हलकें जन्मलें, तर हें भांडवलच तोकडें राहतें. थोड्यांवर सर्वांचा भार पडतो, तीं झिजतात, शरीरांत क्षार सांचतो आणि रक्तदाब चढतो. ही उपपत्ति अमेरिकन वैद्य बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं मांडली. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जर्मनींतील तपासणींत, अपघातानें मृत्यु पावलेल्यांपैकीं रक्तदाब असलेल्यांच्या मूत्रपिंडांत सुमारें सात लक्ष, तर इतरांच्या चौदा लक्ष नेफ्रॉन आढळले.

दुष्काळाशीं याचा संबंध हॉलंडमध्यें स्पष्ट दिसला. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत तेथें अन्नटंचाई होती. गर्भावस्थेच्या मधल्या महिन्यांत जे तींत सांपडले, त्यांच्यांपैकीं अधिक जणांच्या लघवींत पन्नाशीच्या सुमारास प्रथिन उतरूं लागलें होतें. मूत्रपिंड झिजत असल्याची ती पहिली खूण होय.

आजच्या बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टाहि येतो. संग्रामपूर, जळगांव-जामोद, शेगांव या भागांत विहिरींचें पाणी खारट आहे आणि मूत्रपिंडाच्या विकारानें अनेक घरें पोळलीं आहेत. लोक पाण्याकडे बोट दाखवितात, तें योग्यच. परंतु पाण्याची चौकशी करतांना रोग्याच्या जन्माच्या वेळचें वजन आणि त्याच्या आईचें ताटहि विचारांत घेतलें पाहिजे. गोड पाणी आजच्या मूत्रपिंडांचें रक्षण करील. उद्यांचीं मूत्रपिंडें मात्र गरोदर स्त्रीच्या स्वयंपाकघरांतच घडतात. दुष्काळ एका पावसाळ्यानें सरतो; त्याचें देणें फेडण्याची पाळी येते ती त्या वर्षीं पोटांत असलेल्या मुलावर, आणि तीहि त्याचे केस पिकूं लागल्यावर.