नाताळचा ताळेबंद

बी.कॉम. झालेल्या माणसाने इतिहासावर लिहू नये, असा एक समज आहे. तो बहुधा बी.ए. झालेल्यांनी पसरवला असावा. वास्तविक दोघांचाही धंदा तारखांचाच. इतिहासाच्या प्राध्यापकांची तारीख चुकली तर लढाई पुढेमागे होते, आमची चुकली तर व्याज. तेव्हा २५ डिसेंबर या एका तारखेचा हिशेब मी मांडायला घेतला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमची शाखा सायखेड्याची. एका अंगाला गोदावरी, उरलेल्या सगळ्या अंगांना कांदा आणि द्राक्षं. डिसेंबरात निफाड तालुक्यात थंडी अशी पडते, की पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. इकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालू, तिकडे मजुरांचा तुटवडा, आणि ज्याला त्याला पैसे आजच, आत्ताच हवे. अशा गर्दीत आमचे कॅशियर दहा तारखेपासून मधेच थांबतात आणि चिटोऱ्यावर काहीतरी टिपून घेतात. नव्या मॅनेजरांना वाटतं, कॅश जुळत नाही. कॅश पैशाला पैसा जुळलेली असते. चिटोऱ्यावर लिहिलेलं असतं : ‘मैदा. खोबरं. चांदणीचा कागद. शिंपी!! धाकटीचे पंख.’

गृहस्थ नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले, रोज एस.टी.ने येऊन-जाऊन करणारे. धाकटी देवळातल्या नाटकात देवदूत होते. (मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला सहज ‘देऊळ’ म्हणून जातो, ते कानाला फार गोड लागतं.) थोरला मेंढपाळ असतो, पण त्याला स्वतःची घोंगडी असल्यामुळे त्याचा खर्च नाही. देवदूताचा खर्च जास्त. शिवाय रात्री गाणी म्हणत घरोघर फिरणारी मंडळी येणार, त्यांच्या चहाचं दूध वेगळं. आणि घरात वहिनींचं तळण चालू : करंज्या, शंकरपाळे, चकल्या.

“म्हणजे आपली दिवाळीच की!” असं मी एकदा म्हणालो.

“हो ना,” वहिनी म्हणाल्या, “तुमच्या दिवाळीची ताटं आमच्याकडे येऊन बसलेली असतात. ती काय रिकामी परत पाठवू?”

मी कॉमर्सचा विद्यार्थी. एका क्षणात उजेड पडला. प्रत्येक नावेला एक जमा पाहिजे, हे दुहेरी नोंदीचं तत्त्व लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये पुस्तकात छापलं. पण आळीतल्या बायका ते ताटावर क्रोशाचा रुमाल घालून रोज चालवत होत्या. गंमत म्हणजे हा पाचोली फ्रान्सिस्कन पंथाचा. त्या पंथाचे संस्थापक संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी खरी गव्हाण, खरा चारा, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळचा देखावा उभा केला. म्हणजे नाताळची गव्हाण आणि बँकेची वही, दोन्ही एकाच मठाच्या देणग्या. तरी एकीपुढे लोक हात जोडतात आणि दुसरीपुढे नाक मुरडतात.

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. त्याच गलबतांतून पाव आला, बटाटा आला, साबण आला, चावी आली आणि ‘पगार’ही आला. मला यात थोडी दूरदृष्टी दिसते. नाताळ एकटा पाठवला असता तर तो निभावता आला नसता. पगार आहे म्हणून नाताळ आहे, आणि नाताळ आहे म्हणून पगार नाही, असा हा जानेवारीतला अनुभव सर्वधर्मीय आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा सण साहेबाचा. साहेबाने तो हौसेने केला आणि आपल्याकडे आणला. इथेच खतावणीत मोठा घोळ आहे. खुद्द साहेबाच्या देशात प्युरिटन मंडळींच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ रद्द करून टाकला. खाणंपिणं, नाचगाणं हे त्यांना धर्माला शोभणारं वाटेना. राजा १६६० साली परत आला, तेव्हा सणही परत आला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदाच झाला, की जो कोणी नाताळ पाळील त्याला पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ पर्यंत टिकला.

आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, मराठीच्या प्रेमात पडला आणि त्याने ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, तेही ओवीत! पहिली आवृत्ती १६१६ सालची. दुसरी निघाली १६४९ साली. म्हणजे इंग्लंडात नाताळ करायची बंदी होती, तेव्हा येशूच्या जन्माची कथा एका इंग्रजाच्या ओव्यांतून मराठीत खुशाल छापली जात होती. ठेव मूळ शाखेत गोठवलेली आणि व्यवहार आमच्या शाखेत सुरळीत!

पुढे १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं. त्यांची पाळंमुळं न्यू इंग्लंडातली, त्याच पाच शिलिंगवाल्या परंपरेतली. मॅसॅच्युसेट्समध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडलं. तोपर्यंत तिथला कारकून त्या दिवशी निमूट कामावर जात असे. (त्या अज्ञात बांधवाबद्दल मला कळवळा आहे.) थोडक्यात काय, तर हा सण कायद्याने बुडाला नाही आणि कायद्याने तरलाही नाही. तो चुलीपाशी टिकला. पार्लमेंटला देवळाचं दार बंद करता येतं, पण डब्यात करंज्या किती आहेत हे घरच्या बाईखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

नाशिकची कथा याहून वेगळी. तिथे इंग्रज मिशनरी १८३२ पासून होते. पुढे रेव्हरंड प्राइस यांच्या काळात शरणपूर वसलं. शरणपूर रोडवरून आज आपण खरेदीला जातो, पण नावाकडे बघत नाही. शरण आलेल्यांचं पूर ते! आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची गलबतं ब्रिटिश आरमाराने पकडली, त्यांतल्या कित्येक मुलांना इथे आणलं. त्यांना अक्षरं शिकवली, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. आईबाप कुठे, गाव कुठलं, याचा पत्ता नाही. अशा वस्तीत डिसेंबरची धावपळ एका घराची राहत नाही. सगळ्या वस्तीलाच आईबाप व्हावं लागतं.

त्यांतला एक जेकब वेनराइट. डॉ. लिव्हिंगस्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेच्या पोटात वारले. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या जेकबने. मग देह घेऊन ही मंडळी हजारेक मैल चालत निघाली आणि १८७४ च्या फेब्रुवारीत किनाऱ्याला लागली. म्हणजे १८७३ चा नाताळ त्यांनी त्या वाटेवरच काढला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. शरणपूरने सांभाळलेल्या पोराने एवढी मोठी परतफेड केली, आणि आमच्या शहराच्या पासबुकात तिची नोंद नाही.

या हिशेबात एक वजाबाकीही आहे, ती सोडून चालणार नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्याबरोबर ताटांची ये-जा थांबली. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या घरी करंज्या कोण पाठवणार? नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई यजमानांकडे आल्या, तेव्हाही सोवळं आणि स्वयंपाक त्यांनी आपला निराळाच ठेवला होता. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हसतहसत वाचताना ध्यानात येतं, की शिवाशिवीचा हा उंबरा ओलांडायला बाईला केवढं बळ लागलं. पहिल्या पिढीच्या अनेक घरांना हे सोसावं लागलं असणार. गावाशी असलेलं खातं एका रात्रीत बंद. वस्त्या एकमेकांना घट्ट धरून राहिल्या, त्यामागे जिव्हाळा होता तसंच हेही होतं.

बंद पडलेलं खातं पुन्हा चालू करायला आमच्याकडे अर्ज लागतो, दोन फोटो लागतात, केवायसी लागते. हे खातं मात्र कुणीतरी शेजारीण ताट घेऊन आली आणि चालू झालं. नेमकं कुठल्या साली, ते कुठल्याही वहीत नाही. तेव्हापासून दिवाळीला नावे आणि नाताळला जमा, असा व्यवहार अव्याहत चालू आहे. एकच नियम : खातं पूर्ण फिटू द्यायचं नाही. म्हणून शहाण्या बायका ताटात घेतल्यापेक्षा दोन करंज्या जास्त घालतात, म्हणजे समोरचीकडे बाकी राहते आणि पुढच्या वर्षी तिला यावंच लागतं.