अस्सलबरहुकूम नक्कल

संगणकातील कागदपत्रांची नक्कल बाळगणे ही एक गोष्ट, आणि मूळ डिस्क अकस्मात निकामी झाली असता जिच्या बळावर तोच कारभार विनाखंड पुढे चालू शकेल अशी अस्सलबरहुकूम डिस्क सिद्ध ठेवणे ही अगदी निराळी गोष्ट होय. या दोहोंतील अंतर तोडण्यास घरगुती संगणकाच्या जगाला एका तपाहून अधिक काळ लागला.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने दहा मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेला ‘पीसी एक्सटी’ विक्रीस आणला, त्या वेळी त्यासोबतच्या डॉस २.० मध्ये ‘बॅकअप’ ही आज्ञा होती खरी. परंतु एका फ्लॉपीवर ३६० किलोबाइटच मावत असल्यामुळे, भरलेली डिस्क उतरवून घेण्यास अठ्ठावीस-तीस फ्लॉप्या अनुक्रमांक घालून एकीमागून एक सरकवाव्या लागत, आणि इतका खटाटोप करूनही त्यांच्यावरून संगणक सुरू होत नसे तो नसेच. नवी डिस्क आणावी, डॉसच्या मूळ फ्लॉपीवरून तिची प्रतिष्ठापना करावी, आणि मगच दप्तर परत जागी लावावे, असा तो रिवाज होता.

याचे कारण डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये सापडते. त्याचा विस्तार अवघा ५१२ बाइटांचा; पैकी ४४६ बाइटांत यंत्राला चालना देणाऱ्या आज्ञा, ६४ बाइटांत डिस्कच्या चार विभागांचा तपशील, आणि अखेरीस ‘५५’ व ‘एए’ अशी दोन बाइटांची मोहर, जी नसेल तर यंत्र त्या डिस्कवरून सुरू होण्याचे साफ नाकारते. हा सेक्टर कोणत्याही फाइलीत मोडत नाही. म्हणून नावानिशी फाइली उतरवणाऱ्याच्या हाती सर्व संचित लागते आणि हा किल्लेदार तेवढा मागे राहतो. शिवाय डॉसच्या दोन मूळ फाइली दडविलेल्या असत, आणि आरंभीच्या आवृत्त्यांत त्यांना ठराविक जागाच लागे. अर्थात नक्कल करायची ती नावाबरहुकूम नव्हे, जागेबरहुकूम. युनिक्सच्या जाणकारांना ‘डीडी’ या आज्ञेमुळे ही विद्या १९७० च्या दशकातच अवगत होती.

सामान्यांच्या हाती ती दिली न्यूझीलंडने. ऑकलंड येथील मरे हॅझार्ड यांनी ‘घोस्ट’ हा अशी नक्कल उतरवणारा प्रोग्रॅम रचला आणि १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला. पुढे आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही एक संगणक नीट सजवून बाकीच्यांवर ‘घोस्ट मारण्याची’ चाल पडली. तिकडे मॅकिंटॉशवाल्यांसाठी माइक बॉम्बिक यांनी ‘कार्बन कॉपी क्लोनर’ लिहिला. तथापि नकलेवरून संगणक एकदा सुरू करून तिची रुजुवात घ्यावी, हा या विद्येतील सर्वांत मोलाचा दंडक मला वाटतो, आणि आळसाने मोडला जातो तो नेमका हाच.

२०२० साली ॲपलने मॅकच्या ‘बिग सर’ या आवृत्तीत प्रणालीचा विभागच सांकेतिक मोहरेने बंद केला, तेव्हापासून तेथे अशी नक्कल सिद्ध करण्याची मुखत्यारी ॲपलच्याच साधनाकडे गेली, आणि ॲपलच्या नव्या चिपांवरील मॅक तर आतील साठा निकामी झाल्यास बाहेरच्या डिस्कवरूनही उठत नाही.