शोधिलें एक, सांपडलें दुसरें

आकाशांतील थंड, धूलिमय मेघांच्या पोटीं तारे जन्मास येतात, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पण असा मेघ स्वतःच्याच भारानें एकाएकीं कां कोसळत नाहीं? या प्रश्नाच्या एका उत्तराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

लाहोरांत जन्मलेल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं १९४६ सालीं गणितानें दाखविलें कीं, कांहीं तप्त ताऱ्यांच्या कडेचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एका विशिष्ट पातळींत अधिक कंप पावणारा, असावा. तें पडताळण्यास हिल्टनर व हॉल हे अमेरिकन ज्योतिषी पुढें झाले. १९४९ सालीं ध्रुवण सांपडलें खरें. पण तें ताऱ्याचें नव्हे, वाटेंतील धुळीचें! चुंबकीय क्षेत्र लांबट धूलिकणांस एका रोखानें लावतें, असा उलगडा डेव्हिस व ग्रीनस्टाइन यांनीं १९५१ सालीं केला. मग १९५३ सालीं खुद्द चंद्रशेखरांनीं फर्मींच्या साह्यानें त्याच ध्रुवणावरून आकाशगंगेच्या भुजेंतील क्षेत्र मोजिलें. तें गाउसाच्या सुमारें सात दशलक्षांशांइतकें, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारों पटींनीं क्षीण, निघालें.

इतकें क्षीण क्षेत्रही विरळ वायूच्या आकुंचनास विरोध करूं शकतें. विद्युद्भारित कण क्षेत्रास जखडलेले राहतात. उदासीन वायु मात्र त्यांतून हळूहळू निसटून आंत गोळा होतो, असें मेस्टेल व स्पिट्झर यांनीं १९५६ सालीं मांडिलें. ताऱ्यांच्या जन्मास विलंब लावणारें क्षेत्र मुख्य कीं वायूची खळबळ, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु अपेक्षेबाहेरचें फळ हातीं आलें असतां तें टाकून न देतां त्याचाच मापदंड करणें, हाच खऱ्या शास्त्रज्ञाचा धर्म, असें आम्हांस वाटतें.