आवतण बैलाच्या कानात

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्या आर्वीकडे खांदशेकणी होते. हळद-तुपाने खांदे चोळून बाबा बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देत. आता मी देतो. हा मान गवळाऊ बैलांनी कमावलाय. वर्ध्याच्या या पांढऱ्या, चपळ जातीने मराठ्यांच्या फौजेच्या गाड्या ओढल्या.

बैल तिखट कानाचा. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला ३५ हजारांपर्यंत. आवाज नेमका कुठून आला, हे मात्र बैलाला माणसाइतकं कळत नाही. म्हणून मी कानाशी तोंड नेऊनच बोलतो. ट्रॅक्टर आले, जोड्या घटल्या. गवळाऊ आणि हे आवतण, दोन्ही टिकायलाच हवीत.