बाह्यावरण, इमारतीचे : कोरगाव-पेडणे परिसर

छप्पर, बाहेरच्या भिंती, दारे-खिडक्या आणि जोते मिळून इमारतीचे जे कवच तयार होते, त्याला बाह्यावरण म्हणतात. घरात उष्णता किती शिरेल, किती वेळ टिकेल आणि पंखे व एसीवर वीज किती खर्च होईल, हे मुख्यतः त्यावर ठरते. उत्तर गोव्याच्या पेडणे तालुक्यातील कोरगाव आणि आसपासच्या गावांत चिऱ्याची कौलारू घरे व स्लॅबची घरे शेजारी-शेजारी असल्याने हा परिणाम तेथे सहज पडताळता येतो.

हवामान : हा भाग उष्ण-दमट विभागात मोडतो. मेमध्ये कमाल तापमान साधारण 33–34 अंश से. असते, दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून उकाडा अधिक जाणवतो. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा असतो. त्यामुळे विदर्भात जाड भिंतींचा जितका फायदा होतो तितका येथे होत नाही. येथे सावली आणि वारा महत्त्वाचे. घर गरम करण्याची गरज पडत नाही. लेहसारख्या थंड प्रदेशात मात्र ऊन आत घेणे आणि ऊब धरून ठेवणे हेच बाह्यावरणाचे काम असते.

छप्पर : कोरगाव सुमारे 15.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उन्हाचा मारा भिंतींपेक्षा छपरावर अधिक होतो. कौले तापतात, पण त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, खालचा लाकडी माळा उष्णता अडवतो आणि सूर्य मावळल्यावर कौले लवकर निवतात. 15 सेंमी. जाडीचा उघडा स्लॅब दुपारचे ऊन साठवतो व ती धग रात्री खाली सोडतो. पंखा लावला तरी तीच तापलेली हवा फिरते.

स्लॅबमधून दर चौ. मीटरला, आत-बाहेरच्या एका अंश फरकामागे, 3 वॅटहून अधिक उष्णता पार होते. ऊर्जाबचतीसाठीच्या ‘इको-निवास संहिता 2018’ने निवासी इमारतींच्या छपरासाठी ही मर्यादा 1.2 वॅट ठेवली आहे. फरक 10 अंशांचा धरला, तर 100 चौ. मी. स्लॅबमधून 3 किलोवॅटहून अधिक उष्णता आत येईल. मर्यादा पाळल्यास ती 1.2 किलोवॅटवर येईल. पावसाची गळती थांबवण्यासाठी अनेकजण स्लॅबवर पत्र्याचे छप्पर घालतात. बाजू उघड्या ठेवल्या तर हेच छप्पर स्लॅबला सावली देते आणि मधली गरम हवा वाऱ्यासोबत निघून जाते.

भिंती व उघडी जागा : जुन्या घरांच्या चिऱ्याच्या वा मातीच्या जाड भिंती उशिरा तापतात. पडवी, बल्कांव (दारापुढचा बसायचा छपरी ओटा) आणि लांब वळचण यांमुळे त्यांवर थेट ऊन पडत नाही व पावसाची झडही लागत नाही. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यासारख्या मोठ्या घरांत चौकांमुळे आतल्या खोल्यांनाही हवा व उजेड मिळतो. काचेआधी गोव्यात खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवत. त्यांतून उजेड येतो, पण तिरीप डोळ्यांवर येत नाही. उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावे, असे संहिता सांगते. भिंती व खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेसाठी तिची मर्यादा दर चौ. मीटरला सरासरी 15 वॅट आहे.

वातानुकूलन : वाऱ्यासाठी बांधलेले घर आणि एसीसाठी बांधलेली खोली यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. कौलारू खोलीत एसी लावला तर फटींतून दमट हवा सतत येत राहते आणि ती कोरडी करण्यातच बरीच वीज जाते. उलट, घट्ट बंद केलेल्या घरात पावसाळ्यात ओल साचते, बुरशी धरते. म्हणून नव्या बांधकामात एखादीच झोपायची खोली उत्तम बंदिस्त व उष्णतारोधक करावी आणि उरलेले घर आरपार वाऱ्यासाठी मोकळे ठेवावे. पूर्व-पश्चिम भिंतींना सावली देणे आणि छपराखाली उष्णतारोधक थर घालणे हे एसी घेण्याआधी करायचे काम आहे. एसीचे बिल दर महिन्याला येते. चांगले छप्पर घर उभे असेपर्यंत ते कमी ठेवते.