बोरिवली लोकल आणि अभ्रकाचा पापुद्रा
५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. प्रवाह १,५०० व्होल्टचा, एकदिश. वेग रोधकांच्या टप्प्यांनी वाढवला जाई आणि तेवढी वीज उष्णता होऊन वाया जाई.

२००७ पासूनच्या नव्या लोकलमध्ये इन्व्हर्टर आणि थ्री-फेज मोटारी आल्या. वीज वाचली, ताण मात्र तांब्याच्या वेटोळ्यांवरील आवरणावर आला. इन्व्हर्टर वीज सेकंदाला शेकडो वेळा तोडतो-जोडतो, आणि प्रत्येक झटका वेटोळ्याच्या पहिल्या काही फेऱ्यांवर एकवटतो. आवरणातील हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांत ठिणग्या उडतात, साधे इनॅमल कुरतडले जाते.

उपाय मात्र जुनाच, शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्रांतलाही: अभ्रक! ठिणग्यांना ते सहजी दाद देत नाही. पोकळ्याच उरू नयेत म्हणून वेटोळ्यांत निर्वातात राळ मुरवतात.